‘पैकी’ म्हणजे नेमकी कोणती?

‘गट नंबर २१४, एकूण क्षेत्र २ हेक्टर ४० आर, पैकी ८० आर जमीन आज रोजी कायम खरेदी करून दिली आहे.’

हे वाक्य ऐकून बहुतेक लोक मान डोलावतात. गट आला, क्षेत्र आलं, किती विकली तेही आलं. पैसे मोजले जातात, अंगठे उमटतात, फोटो निघतात, दस्त नोंदला जातो. पेरणीच्या दिवशी घेणारा तिफण घेऊन शेतात येतो, तेव्हा त्याने कोणत्या कोपऱ्यात उभं राहायचं? नाल्याकाठच्या काळ्या मातीत, की वरच्या बरडावर? विहिरीच्या बाजूला, की पांदणीच्या? दस्त यावर गप्प आहे. ‘पैकी’ हा शब्द किती ते सांगतो, कोणती ते सांगत नाही. आणि शेतीत ‘कोणती’ हाच खरा प्रश्न असतो.

मी अर्जनवीस आहे. मेहकरला वडील ज्या टेबलावर बसून दस्त लिहायचे, तिथेच मी बसते. त्यांच्या काळी टाक आणि स्टॅम्पपेपर होता, आता संगणक आहे. काम तेच: लोक तोंडाने जे ठरवून येतात ते कागदावर असं उतरवायचं, की ते लोक नसतानाही कागदाने तेच सांगावं. आमचा बुलढाणा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेने घाटावर आणि घाटाखाली असा वाटला गेलाय. मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर घाटाखाली. माती बदलते, पाणी बदलतं, बोलीही बदलते. धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण मात्र दोन्हीकडे सारखंच. आणि त्यातलं बरंचसं भांडण धुऱ्यावर सुरू होत नाही. ते आमच्या टेबलावर, एका ढिल्या शब्दात सुरू होतं आणि कधी कधी वीस वर्षांनी धुऱ्यावर पोहोचतं.

अंधुक हद्दीबद्दल नीट कसं लिहायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे. जमीन घेणाऱ्याला, विकणाऱ्याला, वाटणी करणाऱ्याला आणि वाटणीच्या वेळी कोपऱ्यात बसवल्या जाणाऱ्या बहिणीलाही तो उपयोगी पडावा.

न दिसणारी, न पाडलेली, सरकणारी

हल्ली वर्तमानपत्रात, टीव्हीवर, कोर्टाच्या आवारात ‘ग्रे एरिया’ हा शब्द सारखा कानावर पडतो. तरुण वकील धुऱ्याच्या वादालाही तोच लावतात. शब्द वापरायला हरकत नाही, मराठीत तो रुळलाय. पण तो शोभतो कुठे? जिथे नियमच दोन्ही बाजूंनी वाचता येतो, किंवा नियम करणाऱ्याने त्या परिस्थितीचा विचारच केला नव्हता, तिथे. मोजणी मागवली नाही, नकाशा पाहिला नाही, शेजाऱ्याला विचारलं नाही, म्हणून जे अंधुक राहिलं त्याला ग्रे एरिया म्हणणं म्हणजे आपल्या आळसाला कायद्याचं नाव देणं.

शेताच्या बाबतीत ‘हद्द नक्की नाही’ असं लोक म्हणतात, तेव्हा तीन अगदी वेगळ्या गोष्टी त्यांच्या मनात असतात. एक, हद्द ठरलेली आहे पण जमिनीवर दिसत नाही. दोन, हद्द अजून पाडलेलीच नाही. तीन, हद्द पाण्याने सरकते. तिन्हींसाठी एकच ‘अंदाजे’ लिहून मोकळं झालं, की घोळ पक्का. प्रत्येकीसाठी कागदावर वेगळे शब्द लागतात.

दगड गेला, हद्द गेली नाही

आधी पहिली. आमच्या वऱ्हाडचा कारभार १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथल्या शेतांची मोजणी सुरू झाली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. प्रत्येक शेताच्या आकाराची आणि मापांची जी कच्ची नोंद झाली, तिला टिप्पण म्हणतात. कोपऱ्यांवर खुणा रोवल्या गेल्या. पुढे एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, वाटण्यांनी पोटहिस्से पडले. पण मोजमापाची ती साखळी कागदोपत्री आजवर तुटलेली नाही.

तुमच्या सातबाऱ्याचा उतारा काढून पाहा. त्यावर ‘सीमा आणि भूमापन चिन्हे’ असा एक रकाना छापलेला असतो. बहुतेक उताऱ्यांवर तो कोराच दिसतो. म्हणून लोकांना वाटतं, सरकारकडे आपल्या हद्दीची नोंदच नाही. तसं नाही. सातबारा मालक आणि पीक सांगतो. हद्द सांगणारे कागद भूमी अभिलेख कार्यालयात असतात. गाव नकाशा, गटाचा नकाशा, टिप्पण, वाटणी झाली असेल तर पोटहिश्शांचे कागद. धुऱ्यावरचा दगड कोणी उपटला, जेसीबीने बांध सपाट झाला, वखराच्या प्रत्येक पाळीला धुरा तसूतसूने कोरला गेला, तरी कागदावरची रेषा जागची हललेली नसते.

अशा वेळी दस्तात ‘अंदाजे’ किंवा ‘सुमारे’ लिहिणं चूक आहे. हद्द अंदाजे नाही, आपली माहिती अंदाजे आहे. ती पक्की करायचा मार्ग म्हणजे हद्द कायम मोजणी. अर्ज करायचा, लगतच्या कास्तकारांना नोटिसा जातात, भूकरमापक येतो, आता रोव्हर यंत्राने मोजतो, खुणा दाखवतो आणि मोजणीचा नकाशा, ज्याला सगळे ‘क’ प्रत म्हणतात, तो अर्जदाराला मिळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये हद्दी आणि हद्दीच्या खुणा यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. खुणा जपण्याची जबाबदारी त्यात भोगवटादारावर टाकली आहे आणि त्या मुद्दाम नष्ट करणाऱ्याला दंडही सांगितला आहे. मोजणी करून घेतली असेल तर दस्तात तिची तारीख आणि मोजणी नंबर लिहावा. ‘मोजणीप्रमाणे’ एवढाच शब्द लिहून भागत नाही. कोणती मोजणी, ते हवं.

आकड्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण यात पुष्कळांचं नुकसान होतं. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. लोक गुंठा आणि आर एकच धरतात आणि ‘८० आर’ लिहा म्हणतात. पण गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चौरस मीटरचा. ८० गुंठ्यांचे ८०.९४ आर होतात. दोन एकरांचे पैसे देऊन कागदावर ८० आर घेतले, तर हजारेक चौरस फूट जमीन तिथल्या तिथे गेली. गावात तेवढ्यात घर उभं राहतं. सौदा एकरांत ठरला असेल तर ‘२ एकर, म्हणजे ०.८१ हेक्टर’ असं दोन्ही लिहावं. वाचणाऱ्याला ठरलं काय होतं तेही कळतं.

हिस्सा आहे, तुकडा नाही

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. वडील वारले, सातबाऱ्यावर तीन भावांची आणि दोन बहिणींची नावं लागली. फेरफार झाला. वाटणी झालेली नाही. आता एका भावाला पैशांची नड आली आणि तो आपला वाटा विकायला येतो. ‘लिवा ताई, पैकी दोन एकर, पूर्वेकडची.’

पूर्वेकडची जमीन त्याची आहे, हे कोणी ठरवलं? कायद्याने त्याचा हिस्सा आहे, पण तो हिस्सा शेताच्या प्रत्येक ढेकळात आहे; एका कोपऱ्यात नाही. इथे हद्द अंधुक नाही, ती अस्तित्वातच नाही. म्हणून इथे योग्य शब्द आहे ‘अविभक्त हिस्सा’. ‘गट नंबर अमुक मधील माझा १/५ अविभक्त हिस्सा’ असं लिहिलं, की घेणाऱ्यालाही कळतं आपण काय घेतोय: एक हक्क, नांगरायला तयार असा तुकडा नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ नुसार अशा खरेदीदाराला सामाईक ताब्याचा आणि वाटणी मागण्याचा हक्क मिळतो. वाटणी तहसीलदारांकडे संहितेच्या कलम ८५ खाली होऊ शकते किंवा दिवाणी कोर्टातून.

सगळ्यात वाईट दस्त तो, ज्यात वर ‘अविभक्त हिस्सा’ लिहिलेलं असतं आणि खाली त्याच हिश्शाच्या चतुःसीमाही दिलेल्या असतात. एक ओळ म्हणते वाटणी झाली नाही, दुसरी म्हणते झाली. दोघांपैकी कोणीही आपापली ओळ दाखवून वर्षानुवर्षं भांडू शकतं. जे आहे ते एकच लिहा.

समृद्धी महामार्ग आमच्या मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून गेला. त्या वेळी या भागातल्या अनेक घरांनी जुने दस्त ट्रंकेतून बाहेर काढले. शेताचा एक पट्टा रस्त्यात जातो म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, गेलेला पट्टा कोणाचा? ज्यांच्या कागदावर तुकडा नेमका होता, त्यांचा प्रश्न लवकर सुटला. जिथे ‘पैकी’च्या पुढे काहीच नव्हतं, तिथे एकाच जमिनीला दोन दावेदार उभे राहिले आणि भाऊ-भाऊ, चुलते-पुतणे वकिलाकडे गेले. इतकी वर्षं ज्या शब्दाने कोणाचं काही अडलं नव्हतं, तो पैसा येताच अडून बसला.

नाला मध्ये असेल तर

तिसरी हद्द पाण्याची. मेहकरच्या बाजूने पैनगंगा वाहते, ती याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या रांगेत उगम पावते. घाटाखाली पूर्णा आहे. पूर्णेच्या काठची माती अशी की पाणी तिला कापत जातं. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एका रात्रीच्या पावसाने हजारो कास्तकारांची शेतं खरडून नेली. पिकासोबत बांध गेले, खुणा गेल्या, काही ठिकाणी नाल्याने नवी वाट धरली.

अशा शेताच्या जुन्या दस्तात ‘पश्चिमेस नाला’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणता नाला? दस्ताच्या दिवशी वाहत होता तो, की आज वाहतो तो? नदी-नाल्यांची पात्रं महसूल संहितेच्या कलम २० नुसार सरकारची; मळईची जमीन आणि पाण्याने खचून गेलेली जमीन यांसाठी संहितेत वेगळ्या तरतुदी आहेत. इथे खरोखर संदिग्धता असते, आणि ‘ग्रे एरिया’ म्हणायचं तर ते इथे म्हणावं. पण संदिग्ध आहे म्हणून लिहिणाऱ्याने हात वर करायचे नसतात. ‘पश्चिमेस नाला, गाव नकाशावर दाखवलेल्या जागी’ असं लिहिता येतं. नाला नकाशापासून सरकला असेल तर तेही लिहिता येतं: ‘नाल्याचं आजचं पात्र नकाशावरील पात्राच्या पूर्वेस आहे, हे उभय पक्षांना माहीत आहे, हद्द नकाशाप्रमाणे धरावी.’ माहीत असलेली अनिश्चितता उघड लिहिली, की ती भांडण राहत नाही. दोघांनी मान्य केलेली अट होते.

चार ओळी

दस्ताचं काळीज म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस काय, उत्तरेस काय. ही पद्धत फार जुनी आहे. ताम्रपटांतूनही दान दिलेल्या जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे, ते कोरलेलं सापडतं. आजचा कायदाही तेच मागतो. नोंदणी अधिनियम, १९०८ चं कलम २१ म्हणतं, मिळकत ओळखता येईल इतकं वर्णन दस्तात हवं: क्षेत्र, लगतचे रस्ते आणि मिळकती, तिथे आज कोण आहे ते, आणि शक्य असेल तिथे सरकारी नकाशाचा किंवा मोजणीचा आधार.

या चार ओळी सगळ्यात घाईने लिहिल्या जातात. जुना दस्त पुढे ठेवायचा आणि चतुःसीमा उतरवून काढायच्या, ही सर्रास पद्धत. मग आज होणाऱ्या दस्तात पूर्वेला चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं शेत असतं. त्याच्या मुलांनी ते विकलं, घेणाऱ्याने पुन्हा विकलं, आणि आमच्या कागदात म्हातारा अजून वहिती करतोय. म्हणून नावासोबत गट नंबर हवाच. नाव बदलतं, नंबर टिकतो. आणि नुसता नंबरही नको, कारण गटात पोटहिस्से पडतात. ‘गट नंबर २१५, आजचे भोगवटादार अमुक’ असं दोन्ही लिहावं.

झाडाची हद्द लिहू नये. ‘निंबापासून बाभळीपर्यंत’ हे बोलायला ठीक. निंब वाळतो, बाभूळ तोडली जाते. दिशांचंही तसंच. शेतात कोणी पूर्व-पश्चिम बोलत नाही. वर्ताकडे, खाल्लाकडे, गावाकडे, नाल्याकडे, असं बोलतात. टेबलावर आल्यावर मात्र दिशा विचारली की कोणीतरी अंदाजाने ‘उगवतीकडं’ म्हणून टाकतं. नकाशा समोर धरून, ‘गावठाण कोणत्या बाजूला?’ असं विचारलं की दिशा आपोआप जागेवर येतात.

रस्त्याच्या बाबतीत तर जास्तच सांभाळावं लागतं. शिवरस्ता दोन गावांच्या शिवेवरून जातो. पांदण शेताशेतांतून जाते. तिसरी असते ती वहिवाटीची वाट, कोणाच्या तरी धुऱ्यावरून पडलेली. नकाशावर ती नसते. तिन्हींना ‘रस्ता’ म्हटलं की पुढे कोणीतरी वाट अडवतं. नकाशावरचा असेल तर ‘नकाशावरील’ लिहा, वहिवाटीचा असेल तर ‘वहिवाटीचा’ लिहा आणि कोणाच्या गटातून जातो तेही लिहा. दुसऱ्याच्या हद्दीवरून शेतात जायचा हक्क ठरवण्यासाठी महसूल संहितेचं कलम १४३ आहे, अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. पण तहसीलदारासमोर उभं राहिल्यावर पहिला आधार आपल्या दस्तातली ओळच असते.

आता सुरुवातीचं वाक्य, सौदा दोन एकरांचा होता असं धरून, नीट लिहून दाखवते. ‘मौजे अमुक, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा येथील गट नंबर २१४ (जुना सर्व्हे नंबर ६१/२), एकूण क्षेत्र २ हेक्टर ४० आर, पैकी दक्षिण बाजूकडील ०.८१ हेक्टर (२ एकर). पूर्वेस गट नंबर २१५, आजचे भोगवटादार अमुक. पश्चिमेस नकाशावरील पांदण रस्ता. दक्षिणेस गट नंबर २१९, आजचे भोगवटादार तमुक. उत्तरेस याच गटातील लिहून देणार यांनी स्वतःकडे ठेवलेली १ हेक्टर ५९ आर जमीन. उत्तरेकडील हद्द ही दक्षिण धुऱ्यापासून दोन्ही टोकांना ५४ मीटर मोजून, दगड रोवून कायम केली आहे.’ शेताची लांबी १५० मीटर असेल तर १५० गुणिले ५४, बरोबर ८१०० चौरस मीटर. क्षेत्र आणि हद्द एकमेकांची साक्ष देतात. त्याखाली विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या आणि बैलगाडी, ट्रॅक्टर न्यायची वाट. सगळं मिळून दहा-बारा ओळी. एवढ्यासाठी अर्धा तास जास्त बसावं लागतं.

कोर्ट काय वाचतं

‘आपल्याला माहीत आहे ना काय ठरलं, साक्षीदार आहेत,’ असं लोक म्हणतात. साक्षीदाराला कोर्टात कागदापलीकडचं सगळंच सांगता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात याची सोपी उदाहरणं दिलेली आहेत. एखाद्याने ‘हजार किंवा पंधराशे रुपयांना घोडा विकतो’ असं लिहून दिलं, तर खरी किंमत कोणती ठरली होती याचा तोंडी पुरावा चालत नाही. दस्तात जागा कोऱ्या सोडल्या असतील, तर तिथे काय भरायचं होतं हेही साक्षीने सांगता येत नाही. याउलट वर्णन वाचायला स्पष्ट आहे पण प्रत्यक्ष जमिनीला तंतोतंत लागू पडत नाही, तिथे पुरावा देता येतो. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, पण ही तत्त्वं तशीच आहेत.

म्हणून ‘उत्तरेस’ लिहून पुढे टिंबं सोडणारा दस्त पाहिला की मला धडकी भरते. नंतर भरू म्हणतात. नंतर कोणी भरत नाही, आणि भरायची परवानगीही राहत नाही.

क्षेत्र एक आणि चतुःसीमा दुसरंच सांगत असतील तर? सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या सुभागा विरुद्ध शोभा या निकालात म्हटलं, की अशा विसंगतीत सामान्यतः चतुःसीमा ग्राह्य धराव्या. म्हणजे ज्या चार ओळी आपण झटक्यात उतरवून टाकतो, त्याच वेळ आली की आकड्यापेक्षा भारी ठरतात.

वेळेत सुधारलं तर

चुकलेला दस्त सुधारता येतो. दोन्ही पक्ष राजी असतील तर चूक दुरुस्ती पत्र लिहून नोंदवायचं. यात वेळ महत्त्वाची. लिहून देणारा हयात आहे तोवर त्याची एक सही लागते. तो गेला की त्याच्या सगळ्या वारसांच्या लागतात. त्यातला एकजण पुण्याला, एक सुरतेला, एक रुसलेला. कोणी नाकारलं तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली कोर्टात दस्त दुरुस्त करून मागता येतो, पण तो लांबचा रस्ता आहे.

कागदावर एकाची आणि ताब्यात दुसऱ्याची, अशी जमिनींची अदलाबदल झालेली घरंही खूप आहेत. त्यांच्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. किमान बारा वर्षं एकमेकांची जमीन कसणाऱ्या दोन शेतकऱ्यांना नाममात्र १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी शुल्कात अदलाबदल दस्त करता यावा, हा तिचा गाभा. योजनेचं नावच मला आवडतं, कारण हद्द नीट लिहिण्याचा हेतू तोच आहे.

वहिवाट कोणाची?

वाटणीपत्राला बसलेल्या एका घराचा प्रसंग सांगते. दोन भाऊ समोर खुर्चीवर, बहीण मागे बाकावर. मोठा सांगत होता, मी लिहीत होते. दोघा भावांच्या वाट्यांच्या चतुःसीमा मीटरसकट झाल्या. मग तो म्हणाला, ‘अन् बहिनीले पैकी एक एकर.’

‘कोणत्या बाजूची, भाऊ?’

‘लिवा ना ताई, वहिवाटीप्रमानं. आपल्या आपल्यातच तर हाय.’

‘वहिवाट कोणाची आहे तिथे?’

तो काही बोलला नाही. वहिवाट त्याचीच होती. बहीण सासरी, तिने त्या शेतात लग्नानंतर वखर धरला नव्हता. तिच्या नावापुढे ‘वहिवाटीप्रमाणे’ लिहिणं म्हणजे तिला काहीच न देणं, आणि वर दिल्याची सही घेणं. मी बाकाकडे वळून तिलाच विचारलं. ती हळू पण स्पष्ट बोलली, ‘विहिरीकडची नाई मांगत मी. पन पांदनीले लागून द्या. मले कोनाच्या धुऱ्यावरून जायासाठी हात जोडा लागू नये.’

धाकटा लगेच म्हणाला, ‘देऊन टाका तिले पांदनीची.’ आणि तशी ओळ पडली, मीटरसकट.

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. हक्क मिळाला, हिस्सा मिळाला, सातबाऱ्यावर नावही लागलं. पण बहिणींचे आणि विधवा भावजयांचे हिस्से लिहिताना ‘पैकी’, ‘वहिवाटीप्रमाणे’, ‘उर्वरित’, ‘राहील ती’ हे शब्द जितके येतात तितके भावांचे हिस्से लिहिताना येत नाहीत. भावांच्या वाट्याला मीटर असतात.

मला वाटतं, अंधुक हद्द नीट का लिहायची याचं खरं कारण इथे आहे. ढिला शब्द दोघांना सारखाच ढिला नसतो. ज्याच्या हातात वखर आहे, जो गावात राहतो, ज्याला तहसीलच्या चकरा परवडतात, त्याच्या बाजूनेच तो वाचला जातो. सासरी असलेली, एकटी पडलेली, लिहिता-वाचता न येणारी, किंवा कामासाठी परगावी गेलेली माणसं यांच्याकडे कागदाशिवाय दुसरा आधारच नसतो, आणि नेमका त्यांचाच कागद आपण ढिला ठेवतो. म्हणून दस्त तुमचा असो की बहिणीचा, सही करण्याआधी चतुःसीमेच्या चार ओळी मोठ्याने वाचून घ्या, नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि ‘पैकी’ आला की थांबून विचारा: कोणती? लिहिणाऱ्याला राग येणार नाही. आला तर येऊ द्या, पण उत्तर कागदावर उतरल्याशिवाय अंगठा देऊ नका.